अंतरपटाच्या अलीकडे आणि पलीकडे

मागच्या मे महिन्यात आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) शब्बाथशाळेत, म्हणजे बायबलवर्गात, मुलांना निवासमंडप, म्हणजे बायबलमधला देवासाठी उभारलेला तंबू, शिकवायचा होता. बायबलच्या निर्गम या पुस्तकातले ते अध्याय नुसते वाचून दाखवले की मोठी माणसंही पेंगतात. इतके हात लांब, तितके हात रुंद, ५० कड्या, ४८ फळ्या. म्हणून मैदान आखायची फक्की आणली, सुतळी आणली आणि तो सगळा तंबू जमिनीवर काढला. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे सुमारे दीड फूट. मराठी बायबलमध्ये हेच माप आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या लोकांनी कापड आणि विहिरीची खोली याच मापाने मोजली. अंगण आलं १०० हात बाय ५० हात, साधारण ४५ मीटर बाय साडेबावीस मीटर. त्यातला तंबू ३० हात बाय १० हात, म्हणजे कबड्डीच्या मैदानाएवढा लांब, पण रुंदीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि तंबूच्या पार टोकाला सगळ्यात आतली खोली, १० हात बाय १० हात. आठवीतली एक मुलगी त्या चौकोनात जाऊन उभी राहिली, चारही बाजूंना बघितलं आणि म्हणाली, "एवढीशीच?"

एवढीशीच. चाळीतल्या खोलीहून जरा मोठी. पण त्या १५ फुटांच्या खोलीकडे नेणारी वाट आणि तिच्यासमोरचा पडदा एकदा डोळ्यांसमोर आला, की नव्या करारातली कितीतरी वाक्यं, जी आपण सवयीने ऐकून सोडून देतो, ती खडबडून जागी होतात. म्हणून त्या वाटेने सावकाश चालून बघू.

तंबूच का?

मिसरच्या गुलामगिरीतून सुटलेले इस्राएल लोक सीनाय डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करून आहेत. तिथे देव मोशेला सांगतो, त्यांनी माझ्यासाठी पवित्रस्थान करावं, म्हणजे मी त्यांच्यामध्ये राहीन. निर्गम २५:८. 'मी त्या पवित्रस्थानामध्ये राहीन' असं तो म्हणत नाही, 'त्यांच्यामध्ये' म्हणतो. यहुदी भाष्यकारांनी या एका शब्दावर फार पूर्वीपासून बोट ठेवलं आहे. निवासमंडपाला हिब्रूत 'मिशकान' म्हणतात. 'शाखान' म्हणजे वस्ती करणं, त्यावरून तो शब्द आला. लोक तंबूत राहत होते, म्हणून देवाचं घरही तंबूच. लोक निघाले की तोही उतरवायचा. फळ्या नि पडदे बैलगाड्यांवर, पण आतल्या पवित्र वस्तू लेव्यांच्या, म्हणजे तंबूची सेवा करणाऱ्या वंशातल्या लोकांच्या, खांद्यांवर.

या तंबूची जागा छावणीच्या मधोमध होती. इजिप्तमध्ये अबू सिंबेलला रामसेस दुसऱ्याच्या कादेशच्या लढाईचं कोरीवकाम आहे. त्यातही चौकोनी छावणी दिसते आणि तिच्या मध्यभागी राजाचा दोन भागांचा तंबू. इजिप्तमध्ये राहून आलेल्या माणसाला ही रचना सहज कळण्यासारखी होती. मधला तंबू राजाचा. इथे तो राजा देव आहे, आणि तो लोकांबरोबर वाट चालतो.

सामानही वाटेवरचं. लाकूड बाभळीचं, कारण सीनायच्या वाळवंटात तेच मिळायचं. वरचं आवरण बकऱ्याच्या केसांचं, आजही त्या भागातले बेदुईन लोक तसे तंबू विणतात. मुख्य कारागीर बसालेल. 'देवाच्या आत्म्याने भरलेला' असं बायबलमध्ये पहिल्यांदा ज्याच्याविषयी म्हटलं जातं तो राजाही नाही आणि संदेष्टाही नाही. तो सोनं, लाकूड आणि दगड यांत काम करणारा माणूस आहे. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि आपल्या उपदेशांत ती फारशी येत नाही.

अजून एक बारकावा. तंबूच्या फळ्या चांदीच्या बैठकांवर उभ्या होत्या, आणि ती चांदी आली शिरगणतीतून. २० वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल (ठरावीक वजनाची चांदी) द्यायचा. श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी द्यायचा नाही. बाकीचं सोनं, कापड, तेल ज्याने त्याने मनाने आणलं, पण ज्याच्यावर घर उभं राहिलं तो पाया सगळ्यांच्या सारख्या वाट्याचा होता.

पूर्वेकडून आत

दार पूर्वेला. आत शिरलं की अंगणात पहिली भेट होमवेदीशी, ५ हात बाय ५ हात, पितळेने मढवलेली. आग, धूर, रक्त, जळत्या चरबीचा वास. निवासमंडपाची चित्रं फार स्वच्छ काढलेली असतात. प्रत्यक्षात हे दार उघडलं की मरण समोर दिसायचं. आणलेल्या पशूच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मग तो मारायचा, असा नियम. माझ्यात आणि देवात जे बिघडलं आहे त्याची किंमत आहे, हे तिथे कोणाला शब्दांत समजावून सांगावं लागत नसे.

पुढे पितळेचं गंगाळ. मराठी भाषांतरकारांनी हा शब्द वापरला तेव्हा घरोघरी आंघोळीचं गंगाळ होतं. आता तो शब्द समजावून सांगावा लागतो. हे गंगाळ दर्शनमंडपाच्या, म्हणजे याच तंबूच्या, दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या आरशांचं बनवलं, असं निर्गम ३८:८ सांगतं. तेव्हाचे आरसे म्हणजे घासून लख्ख केलेला धातू. ज्यात चेहरा बघायचा त्याचंच हातपाय धुण्याचं भांडं झालं.

मग तंबू. पहिल्या दालनात, म्हणजे पवित्रस्थानात, तीन वस्तू. उजवीकडे, उत्तरेला, समक्षतेच्या, म्हणजे देवासमोर ठेवायच्या, भाकरींचं मेज आणि त्यावर १२ भाकरी. डावीकडे सोन्याचा सात दिव्यांचा दीपवृक्ष. समोर पडद्याजवळ धूपवेदी. दिवा, जेवण, सुगंध. राहत्या घराची खूण आणखी काय असते? आणि घर असूनही बसायला मात्र एकही आसन नाही. याजक, म्हणजे यज्ञ करणारा पुजारी, इथे यायचा, काम करायचा, उभ्या उभ्याच निघून जायचा. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरून आत येताना सगळंच बदलत जातं. बाहेर पितळ, आत सोनं. अंगणाच्या कनाती साध्या, आतले पडदे निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुताचे, विणकामात पंखवाले करूब. बाहेर सगळे इस्राएली, तंबूत फक्त याजक, आणि पडद्यापलीकडे फक्त महायाजक. एका बाजूने ही सगळी रचना म्हणते 'या', आणि दुसऱ्या बाजूने दर काही पावलांवर म्हणते 'थांबा'. या दोन शब्दांमधली ओढाताण हीच या तंबूची भाषा आहे.

करूब का विणले?

करूब ओळखायला उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, तिसऱ्या अध्यायात जावं लागतं. आदाम आणि हव्वेला एदेन बागेतून बाहेर काढल्यावर देवाने बागेच्या पूर्वेला करूब आणि जळती तरवार ठेवली, जीवनाच्या झाडाकडे जाणारी वाट राखायला. म्हणजे माणूस पूर्वेकडे बाहेर गेला. निवासमंडपाचं दार पूर्वेला असल्यामुळे त्यात जाणारा माणूस पश्चिमेकडे, आत, परत चालतो, आणि शेवटी पडद्यावर त्याला पुन्हा तेच राखणदार दिसतात.

एकदा हे दिसलं की बाकीच्या खुणाही दिसायला लागतात. दीपवृक्षाला फांद्या आहेत, बदामाच्या फुलांसारख्या वाट्या आहेत, कळ्या आहेत. सोन्याचं झाडच ते. एदेनमध्ये देव आदामाला बागेची 'मशागत' आणि 'राखण' करायला ठेवतो. गणना या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लेव्यांच्या मंडपातल्या सेवेसाठी हिब्रूत हेच दोन धातू येतात. मंडप कसा बांधायचा ते देव सांगतो तेव्हा 'परमेश्वर मोशेला म्हणाला' असं सात वेळा येतं आणि सातव्या वेळी विषय शब्बाथाचा, म्हणजे सातव्या दिवसाच्या विश्रांतीचा, असतो, सृष्टीच्या सात दिवसांसारखाच. तंबू म्हणजे जणू छोटी सृष्टी, माणसाने घालवलेल्या बागेची कापडात विणलेली आठवण. हे वाचन यहुदी आणि ख्रिस्ती दोन्ही अभ्यासकांमध्ये आहे. माझ्या मते बाकी सगळ्या प्रतीकांची किल्ली इथेच आहे. हे कळलं नाही तर खिळे आणि कड्या मोजत राहावं लागतं.

सगळ्यात आतली खोली

पडद्यापलीकडे परमपवित्रस्थान. लांबी, रुंदी, उंची तिन्ही १० हात, म्हणजे घन आकार. आत दिवा नाही, खिडकी नाही. मधे कराराचा कोश, अडीच हात लांब पेटी, आत दहा आज्ञांच्या दोन पाट्या. वर शुद्ध सोन्याचं झाकण, दोन्ही टोकांना पंख पसरलेले करूब, तोंडं एकमेकांकडे आणि नजर खाली झाकणाकडे.

आणि पंखांच्या मधे काहीही नाही.

मंदिराच्या गाभाऱ्यात आपण ज्या अपेक्षेने बघतो ती इथे पुरी होत नाही. मूर्ती नाही. करूबांवर विराजमान असलेला देव, असं बायबल म्हणतं, पण त्या ठिकाणी नजरेला फक्त रिकामी जागा. पुढे इ. स. पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेम जिंकून मंदिराच्या या खोलीत शिरला, तेव्हा कोशही उरलेला नव्हता. खोली नुसती मोकळी होती, आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने त्याची नोंद करून ठेवली आहे.

त्या झाकणाला मराठी बायबल 'दयासन' म्हणतं. हिब्रूत 'कप्पोरेत' आहे, त्यात आसनाचा अर्थ नाही. झाकणं, प्रायश्चित्त करणं या धातूशी त्याचं नातं आहे. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, महायाजक इथे यायचा. लेवीय या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात तो दिवस तपशिलात सांगितला आहे. एरवी तो सोन्याच्या जरीची, रत्नांच्या ऊरपटाची वस्त्रं घालायचा. त्या दिवशी मात्र साधी तागाची. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्हा, मग लोकांसाठी बकरा. धूप एवढा घालायचा की दयासन धुराने झाकून जावं, आणि मग रक्त बोटाने सात वेळा शिंपडायचं. दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं कबूल करून त्याला रानात सोडून द्यायचं. खाली पेटीत मोडलेल्या आज्ञा, वर देवाची उपस्थिती, आणि दोन्हींच्या मधे रक्त. ख्रिस्ती धर्मविचारातलं प्रायश्चित्ताचं सगळं बोलणं या एका चित्रावर उभं आहे.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. महायाजक आत मेला तर ओढून काढायला त्याच्या पायाला दोरी बांधत, ही गोष्ट उपदेशांत हमखास ऐकू येते. ती बायबलमध्ये कुठेही नाही. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस, जो स्वतः याजकाच्या घराण्यातला होता, तोही ती सांगत नाही. ती मध्ययुगीन लिखाणात दिसते. मूळ प्रसंगच इतका गंभीर आहे की त्याला अशा जोडाची गरज नाही.

तंबूचं दगडी घर झालं

शिलो गावात हा मंडप बराच काळ उभा होता. पुढे शलमोन राजाने यरुशलेमात मंदिर बांधलं. आराखडा तोच, मापं मोठी, आतली खोली २० हातांचा घन. सीरियात ऐन दारा इथे याच धाटणीचं एक मंदिर उभं होतं. जानेवारी २०१८ मधल्या हवाई हल्ल्यात त्याचं फार मोठं नुकसान झालं. म्हणजे आराखडा त्या काळातल्या लोकांच्या ओळखीचा होता, वेगळेपण होतं ते आतल्या रिकाम्या जागेचं.

शलमोनाचं मंदिर बाबेलच्या नबुखद्नेस्सराने इ. स. पू. ५८६ च्या सुमारास जाळलं. परत आलेल्या लोकांनी दुसरं बांधलं, हेरोद राजाने त्याचा विस्तार केला आणि इ. स. ७० मध्ये सेनापती तीतच्या रोमन फौजेने तेही पाडलं. रोममध्ये तीतच्या कमानीवर सैनिक दीपवृक्ष आणि मेज खांद्यावर वाहून नेताना कोरले आहेत.

१९व्या शतकात वेलहाउझन या जर्मन अभ्यासकाने असं मांडलं की निवासमंडपाचं वर्णन म्हणजे मंदिर बघून मागच्या काळावर केलेली कल्पना. पुढच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी त्यामागे जुनी, खरी तंबूची परंपरा आहे असं दाखवायचा प्रयत्न केला. हा वाद अजून संपलेला नाही. नव्या कराराचे लेखक मात्र या वर्णनाकडे ज्या नजरेने बघतात ती नजर समजून घ्यायला तो वाद मिटण्याची वाट बघावी लागत नाही.

'त्याने आमच्यामध्ये तंबू ठोकला'

योहानाच्या शुभवर्तमानाचा १:१४ मराठीत सगळ्यांना पाठ असतो. शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीक क्रियापद 'एस्केनोसेन' आहे. 'स्केने' म्हणजे तंबू. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात निवासमंडपासाठी हाच शब्द आहे. म्हणजे अक्षरशः, त्याने आमच्यामध्ये तंबू ठोकला. आणि लगेच पुढचं वाक्य, आम्ही त्याचं गौरव पाहिलं. निर्गमाच्या शेवटी मंडप उभा राहतो, मेघ येतो, परमेश्वराचं तेज आत भरतं आणि मोशेलाही आत जाता येत नाही. योहान म्हणतो, ते तेज आता एका माणसाच्या चेहऱ्यावर आहे, आणि आम्ही ते बघितलं.

दुसऱ्याच अध्यायात येशू म्हणतो, हे मंदिर मोडा, मी तीन दिवसांत उभारीन. ऐकणारे हिशेब करतात, हे बांधायला ४६ वर्षं लागली. योहान सांगतो, तो आपल्या शरीररूपी मंदिराविषयी बोलत होता. पडद्याआडची ती जागा आता चालू लागली. ती गालीलातल्या धुळीत फिरते, कुष्ठरोग्याला हात लावते, जकातदाराच्या घरी जेवते. ज्या खोलीत वर्षातून एकच माणूस एकाच दिवशी जाई, ती खोली आता लोकांकडे निघाली होती.

लूकही हीच भाषा बोलतो. देवदूत येशूच्या आईला, मरीयेला, म्हणतो, परात्पराचं सामर्थ्य तुझ्यावर छाया करील. निर्गमाच्या ग्रीक भाषांतरात मेघ मंडपावर छाया करतो तिथे हेच क्रियापद आहे. त्यामुळेच कॅथलिक आणि पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मरीयेला कराराचा कोश म्हटलं. प्रॉटेस्टंट मंडळ्या तिथवर जात नाहीत, पण लूकच्या शब्दांत ती सावली आहे हे नाकारणं कठीण आहे.

प्रेषित पौल रोमकरांस पत्रात (३:२५) ख्रिस्ताला 'हिलास्तेरिओन' म्हणतो. आपण त्याचं भाषांतर 'प्रायश्चित्त' करतो. पण ग्रीक जुन्या करारात दयासनासाठी हाच शब्द आहे. कालवरी, म्हणजे येशूला क्रूसावर दिलं ती जागा, ते झाकण झाली, फरक एवढाच की धुराआड अंधाऱ्या खोलीत जे व्हायचं ते भर दुपारी, वेशीबाहेर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालीया मरीया कबरेत डोकावते तेव्हा योहान काय सांगतो बघा. जिथे शरीर होतं तिथे दोन देवदूत बसलेले, एक उशाशी, एक पायथ्याशी. मधे रिकामी जागा. योहान कोशाचं नाव घेत नाही, म्हणून मी ते छातीठोकपणे म्हणणार नाही. पण निर्गम २५ वाचून मग ते वाक्य वाचलं की मला दरवेळी थांबावं लागतं.

अंतरपट

मराठी बायबलच्या निर्गमात परमपवित्रस्थानासमोरच्या पडद्याला 'अंतरपट' म्हटलं आहे. मराठी कानाला हा शब्द काय सांगतो हे दुसऱ्या भाषेत समजावणं अवघड. आमच्या ख्रिस्ती लग्नांत अंतरपाट नसतो, पण शेजाऱ्यांच्या मांडवात तो प्रत्येकाने बघितलेला आहे. दोघं समोरासमोर उभी, मधे कापड, मंगलाष्टकं चाललेली, मुठीत अक्षता ओल्या झालेल्या. ते कापड तिथे कायम राहायला धरलेलंच नसतं. सगळा मांडव ते बाजूला होण्याची वाट बघत असतो.

मंदिरातल्या पडद्याची कोणी अशी वाट बघत नव्हतं. तो तिथे राहणार हे गृहीत होतं. येशूने प्राण सोडला त्या घटकेला तो वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय आणि मार्क आपापल्या शुभवर्तमानांत लिहितात. वरपासून, म्हणजे माणसाच्या हातून नव्हे. मार्कने इथे जे क्रियापद वापरलं ते त्याने आधी एकदाच वापरलं आहे, बाप्तिस्म्याच्या वेळी आकाश फाटलं तिथे. आणि जोसेफस सांगतो की मंदिराच्या बाहेरच्या दाराशी ५५ हात उंच, १६ हात रुंद असा बाबेलचा पडदा होता, ज्यावर आकाशाचा देखावा भरला होता. मार्कच्या मनात कुठला पडदा होता, बाहेरचा की आतला, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्हींत अर्थ एका दिशेला जातो.

नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र हा विचार सगळ्यात खोलवर नेतं. त्याच्या मते मोशेने बांधलेला मंडप स्वर्गातल्या खऱ्या स्थानाची 'छाया' होता. छाया खोटी नसते, ती वस्तूवरूनच पडते, पण तिला मिठी मारता येत नाही. येशू बकऱ्याचं रक्त न घेता स्वतःचं घेऊन आत गेला, वर्षातून एकदा असं नाही, तर एकदाच. आणि पुढे १०व्या अध्यायात ते आसनाचं येतं. प्रत्येक याजक रोज उभा राहून तेच तेच यज्ञ करतो, पण हा कायमचा एकच यज्ञ करून बसला. ज्या घरात बसायला जागाच नव्हती, तिथे काम पुरं झाल्यावर कोणी तरी बसलं. पडदा म्हणजे त्याचं शरीर, असंही हे पत्र म्हणतं. ते फाटलं तेव्हा वाट उघडली. आणि शेवटच्या अध्यायात एकदम उलटी दिशा येते. प्रायश्चित्ताच्या पशूंची शरीरं छावणीबाहेर जाळत, येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं, म्हणून आपणही त्याचा अपमान सोशीत बाहेर त्याच्याकडे जाऊ. ज्याला आत बोलावलं त्यालाच बाहेर पाठवलं जातं, हाकलून दिलेल्यांच्या बाजूला. आपल्याकडच्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांमधून जे लोक मंडळीत आले त्यांना हे वचन वेगळं समजावून द्यावं लागलं नसेल.

भिंतीवरची पाटी

हेरोदाच्या मंदिराच्या आवारात एक कठडा होता. त्यावर ग्रीकमध्ये दगडी पाट्या लावल्या होत्या, परक्या वंशाच्या कोणी याच्या आत येऊ नये, सापडला तर आपल्या मरणाला तोच जबाबदार. त्यातली एक अखंड पाटी १८७१ मध्ये सापडली, ती आज इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दुसरीचा तुकडा यरुशलेमच्या इस्राएल संग्रहालयात आहे. पौलावर आरोप हाच होता की त्याने ग्रीक माणसाला आत नेलं, त्यावरून त्याला अटक झाली. इफिसकरांस पत्रात ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं वाचताना ही पाटी आठवावी. ते वाक्य नुसतं अलंकारिक राहत नाही.

म्हणूनच पुढे माणसांनाच मंदिर म्हटलं गेलं. 'तुम्ही देवाचं मंदिर आहात' असं पौल करिंथच्या भांडखोर मंडळीला लिहितो, आणि त्यातलं 'तुम्ही' अनेकवचनी आहे. पेत्र 'जिवंत धोंडे' म्हणतो. एकटा धोंडा म्हणजे घर नव्हे.

चर्चच्या इमारतींनी ही आठवण निरनिराळ्या तऱ्हांनी जपली. वसईच्या कुठल्याही चर्चमध्ये वेदीजवळ पवित्र भाकर ठेवायची छोटी मढवलेली पेटी असते, शेजारी लाल दिवा तेवत असतो. तिचं नाव 'टॅबर्नॅकल', म्हणजे तंबूच. केरळातल्या संत थॉमसच्या परंपरेतल्या अनेक चर्चमध्ये वेदीसमोर पडदा असतो आणि उपासनेत तो ओढला, सरकवला जातो. आमच्यासारख्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पडदाही नाही, पेटीही नाही. पडदा फाटला हेच आम्ही तसं सांगतो. प्रत्येक परंपरेकडे आपलं कारण आहे.

जपून वाचण्याच्या दोन गोष्टी

पहिली, प्रत्येक खुंटीत अर्थ शोधण्याचा मोह. ओरिगेन आणि बीड या जुन्या ख्रिस्ती भाष्यकारांपासून ही परंपरा आहे, तिच्यात सुंदर गोष्टीही आहेत. पण पडद्याचे चारच रंग घ्या. आपल्याकडे शिकवतात, निळा म्हणजे स्वर्ग, जांभळा म्हणजे राजेपण, किरमिजी म्हणजे रक्त, पांढरा म्हणजे शुद्धता. जोसेफसने त्याच रंगांत हवा, समुद्र, अग्नी आणि पृथ्वी बघितली. नवा करार रंगांचा अर्थ सांगतच नाही. जिथे तो बोलतो तिथे आपण ठामपणे बोलावं. जिथे तो गप्प आहे तिथे आवाज खाली आणावा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हा तंबू आधी यहुदी लोकांचा आहे. 'छाया' या शब्दाचा आधार घेऊन ख्रिस्ती लोकांनी त्यांच्या उपासनेला तुच्छ लेखलं, आणि त्यातून शतकानुशतकं जे घडलं ते आपलं पाप आहे. मंदिर पडल्यानंतर त्यांचा देवाशी संबंध तुटला नाही. प्रार्थनेत, अभ्यासात, शब्बाथाच्या मेजावर तो चालू राहिला. हे बघायला दूर जायला नको. कोकणातले बेने इस्राएल यहुदी मराठी बोलत शब्बाथ पाळत आले, अलिबागला इस्रायल आळी आहे. पुण्यातलं १८६७ मध्ये पुरं झालेलं सिनेगॉग (यहुदी प्रार्थनाघर), ज्याला पुणेकर लाल देऊळ म्हणतात, त्याचं नाव 'ओहेल दाविद' आहे. 'ओहेल' म्हणजे तंबू, निर्गमातल्या दर्शनमंडपाच्या हिब्रू नावातला तोच शब्द. सिनेगॉगमध्ये तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायच्या कपाटासमोर पडदा असतो, त्याला 'पारोखेत' म्हणतात. परमपवित्रस्थानासमोरच्या अंतरपटाचं हिब्रू नावही तेच आहे.

शहराचं माप

प्रकटीकरणाच्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या, २१व्या अध्यायात योहानाला स्वर्गातून उतरणारं शहर दिसतं. आधी वाणी ऐकू येते, पाहा, देवाचा मंडप माणसांजवळ आहे, तो त्यांच्याबरोबर वस्ती करील. शब्द पुन्हा तोच, तंबू. मग देवदूत सोन्याचा बोरू घेऊन शहर मोजतो. लांबी, रुंदी आणि उंची सारखी, प्रत्येकी १२,००० स्टेडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर.

तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे घन. तिन्ही मापं सारखी असलेली खोली आपण वर बघितली आहे. ती मुलगी ज्या चौकोनात उभी होती तीच ही खोली, आता एवढी मोठी की तिच्यात राष्ट्रं चालतात. आत दिवा लागत नाही, कारण देवाचं तेजच प्रकाश आहे. एदेनमधलं जीवनाचं झाड तिथे नदीच्या दोन्ही काठांवर आहे. मंदिर मात्र नाही. योहान तसं मुद्दाम लिहितो, मी तिथे मंदिर पाहिलं नाही. वेशींवर देवदूत आहेत, पण वाट अडवणारी तरवार कोणाच्या हातात नाही. १२ वेशी आहेत, मोजणी पूर्वेकडून सुरू होते, आणि त्या दिवसा बंद होत नाहीत. रात्र तिथे नाहीच.